दोन डॅनियल सेल, मीटरवर २.१६ व्होल्ट, तरी एलईडी ढिम्म

बदनापूरकर
पुढच्या आठवड्यात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे, त्यासाठी पोरांसोबत डॅनियल सेल, म्हणजे तांबं-जस्ताची बॅटरी, केलीय. एका ग्लासात मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) द्रावण आणि तांब्याची पट्टी, दुसऱ्यात झिंक सल्फेट आणि जुन्या सेलच्या डबीतून कापलेली जस्ताची पट्टी. मधे सलाईनच्या नळीत चायना ग्रास आणि मीठ शिजवून भरलेला सॉल्ट ब्रिज, म्हणजे दोन्ही द्रावणं न मिसळता जोडणारा पूल. एका सेलचे १.०८ व्होल्ट, दोन जोडले की २.१६. लाल एलईडी मात्र लागत नाही.
शिवाय बोअरच्या पाण्यात मोरचूद गढूळ होतं, आणि जस्ताची पट्टी दुसऱ्या दिवशी काळी पडते. पोरं विचारतात, दोन ग्लास कशाला, एकातच सगळं का नाही? काय सांगावं?

कॅथोड
मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून तो व्होल्टेज पूर्ण दाखवतो. एका सेलच्या दोन टोकांत १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि तो लागलेला असतानाच व्होल्टेज मोजा. समजा १.०८ चे ०.३० झाले, तर आतला रोध = १००० × (१.०८ ÷ ०.३० − १) = २६०० ओहम. दोन सेलचे ५२००. एलईडीला १.७ व्होल्ट गेले की उरतात ०.४६, म्हणजे करंट ०.०९ मिलीअँपिअर. एवढ्यावर दिवसाउजेडी काही दिसत नाही.
दोषी तुमची सलाईनची नळी. आतून ३ मिमी व्यास आणि २० सेंमी लांबी असेल, तर मीठ भरपूर असूनही ती एकटीच तीन हजार ओहमच्या आसपास भरते. १२ मिमीची, १० सेंमी नळी घेतली तर आकडा शंभरावर येतो.

मोसंबीवाला
पोरांच्या प्रश्नाला उत्तर शेतातच आहे. बोर्डो मिश्रण (फवारणीचं मोरचूद आणि चुना) केलं की त्यात विळा बुडवून बघतात ना? चुना कमी पडला असेल तर पात्यावर तांबूस थर चढतो. लोखंड विरघळतं, मोरचुदातलं तांबं त्याच्यावर बसतं. जस्त तेच आणखी जोरात करतं: जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात जातो, तांब्याचा आयन ते घेऊन धातू होतो. एकाच ग्लासात ही देवघेव पट्टीच्या अंगावरच उरकते, ऊर्जा उष्णता होऊन जाते, तारेला काही मिळत नाही. जस्त आणि मोरचूद वेगळे ठेवले की इलेक्ट्रॉनला तारेवाचून वाट राहत नाही. १८३६ साली इंग्रज शास्त्रज्ञ डॅनियलने हेच साधलं.
जाता जाता: मोसंबीत जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार खुपसून 'फळातली वीज' म्हणून मांडू नका. ऊर्जा जस्ताची असते, मोसंबी फक्त आम्लाचं पाणी पुरवते.

वायंडिंगवाला
ब्रिजमध्ये मीठ वाढवा की, रोध आपोआप कमी होईल.

कॅथोड
मीठ दुप्पट केलं तरी रोध फार तर निम्म्यावर येईल, आणि इथे तो वीस-तीस पटींनी उतरवायचाय. नळीच बदला. किंवा त्याहून सोपं, ब्रिज काढून संक्रांतीचं सुगड वापरा. सच्छिद्र मातीतून आयन जातात, द्रावणं मात्र लवकर मिसळत नाहीत. सुगडात झिंक सल्फेट आणि जस्त, बाहेरच्या बरणीत मोरचूद आणि सुगडाभोवती गोल वाकवलेला तांब्याचा पत्रा. वापरण्याआधी सुगड अर्धा तास पाण्यात भिजवा. असे तीन सेल ओळीने जोडा आणि एलईडीला १०० ओहमचा रेझिस्टर लावा.
तांब्याची मोटारीची तार घेणार असाल तर तिच्यावर इनॅमल (वीज अडवणारा वार्निशसारखा थर) असतं, पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा. नाहीतर मीटर शून्य दाखवतो आणि सगळे द्रावणाला दोष देतात.

मोसंबीवाला
मापं: १०० मिली पाण्याला मोरचूद २५ ग्रॅम. मोंढ्यातल्या कृषी केंद्रातलं झिंक सल्फेट २१ टक्केवालं असेल तर २९ ग्रॅम, ३३ टक्केवालं असेल तर १८. चिलेटेड झिंक नको. वजन थोडं चुकलं तरी बिघडत नाही. झिंक दहापट पातळ केलं तरी सेलमागे जेमतेम ०.०३ व्होल्टचा फरक.
गढूळपणा बोअरमधल्या कार्बोनेटमुळे. तांब्याचा निळसर हिरवा साका तळाशी बसतो. बॅटरीत घालायचं पाणी वापरा. मोरचूद लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात कालवू नका, विळ्याचं जे होतं तेच भांड्याचं होईल.
पट्टीवरचा काळा थर म्हणजे मोरचूद जस्ताकडे पोचून बसलेलं बारीक तांबं. सुगडाबाहेरच्या मोरचुदाची पातळी आतल्यापेक्षा थोडी खाली ठेवा, आणि काम झालं की सुगड लगेच बाहेर काढा, रात्रभर सोडू नका.

बदनापूरकर
दुकानात रंगवलेली सुगडं मिळतायत, चालतील?

कॅथोड
नाही, रंगाने छिद्रं बुजतात. कुंभाराकडून कोरं घ्या. पाणी भरून ठेवा; काही मिनिटांत बाहेरून ओल फुटली तर चांगलं, पाणी ठिबकायला लागलं तर तडा आहे, दुसरं घ्या. आणि प्रदर्शन संपल्यावर उरलेल्या मोरचुदात लोखंडी खिळे टाकून निळा रंग जाईपर्यंत ठेवा. ते सुगड पुन्हा वाणाला वापरू नका.