उत्तर आधी, प्रश्न नंतर

कुणीतरी म्हणालं की युजनेटवर, म्हणजे संगणकांवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, लोक प्रश्न न वाचताच उत्तरं ठोकायचे. काही ठोकायचेही, पण दर वेळी दोष त्यांचा नसायचा. युजनेटला एक मुख्य सर्व्हर नव्हताच. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली, तेव्हापासून संदेश एका यंत्राकडून शेजारच्या यंत्राकडे, तिथून पुढच्याकडे असा जायचा. अगदी गावातल्या बातमीसारखा! वाटा वेगळ्या पडल्या की उत्तर आज यायचं नि मूळ प्रश्न उद्या. म्हणून तर समोरच्याच्या दोन-चार ओळी उद्धृत करून खाली आपलं म्हणणं लिहायची शिस्त होती.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं. माझं शेल अकाउंट. काळा पडदा, नुसती अक्षरं, चित्रांचं नाव नको. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम किणकिणायचा, मग घसा खाकरल्यासारखी खरखर, आणि जोडणी लागते न लागते तोच आई आतल्या खोलीतला फोन उचलायची. मुसळ केरात.

सोक.कल्चर.इंडियन.मराठी या युजनेटवरच्या गटावर मराठी रोमन लिपीत चालायची. 'ळ'साठी कॅपिटल एल वापरायचा, पण आळशी लोक साधाच एल बडवत. एकाने लिहिलेलं 'काळ बदलला' मी 'काल बदलला' असं वाचलं आणि भाबडेपणाने विचारलं, "काय, मोडेम का?"

त्यावर पुढे आठवडाभर माझी यथेच्छ टिंगल झाली.