काचबिंदूच्या ऑपरेशनवेळी डोळ्यातलं पाणी रिसर्चला द्यावं का?

धरमपेठचा_मुलगा: बाबांचं काचबिंदूचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे, थेंब टाकूनही डोळ्याचं प्रेशर २८ च्या खाली येत नाहीये. काल डॉक्टरांनी एक इंग्रजी कागद पुढे केला, ऑपरेशन सुरू करताना डोळ्याच्या समोरच्या भागातलं ०.१ मिली पाणी काढून त्यातले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचे इशारे देणारी प्रथिनं, मोजायची आहेत म्हणे, सही करा. मी नाही केली. अर्धी नजर आधीच गेली आहे, त्यात आणखी सुई काहून टोचून घ्यायची? आणि बाबांना यातून काय मिळणार?

लॅबवाली_ताई: दादा, सही करा. हे अश्रू नाहीत, डोळ्याच्या आतलं पाणी आहे, ते मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर बनत राहतं, म्हणजे ०.१ मिली पाऊण तासात भरून येतं. बरं, या ऑपरेशनमध्ये बाजूला बारीक छेद बहुतेक घेतातच. आता कशासाठी ते ऐका. काचबिंदूच्या बऱ्याच पेशंटच्या पाण्यात टीजीएफ-बीटा २ नावाचा ग्रोथ फॅक्टर जास्त सापडतो. पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं त्या जाळीत तो चिवट तंतू साचवतो, मग निचरा अडतो आणि प्रेशर चढतं. ऑपरेशननं केलेली नवी वाट बुजवण्यातही तोच पुढे असतो, म्हणून तर सर्जन तिथे मायटोमायसिन हे पेशींची वाढ रोखणारं औषध लावतात.

रेशीमबाग_७१: ताई, जास्त सापडला म्हणजे त्याच्यामुळेच झालं का? नाली तुंबली की तिथे गाळ दिसतोच, पण गाळानं नाली तुंबली की तुंबल्यावर गाळ बसला, हे नुसता गाळ मोजून कसं कळेल? ही मापं ऑपरेशनपर्यंत पोचलेल्या, वर्षानुवर्षं थेंब टाकलेल्या डोळ्यांची असतात आणि तुलना मोतीबिंदूवाल्यांशी करतात, कारण धडधाकट डोळ्यात कोणी सुई घालत नाही. याच टीजीएफ-बीटा २ ला अडवणारी अँटीबॉडी, नवी वाट बुजू नये म्हणून, ऑपरेशनच्या सुमारास देऊन पाहिली, मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही. माझ्या सख्ख्या भावाला डावीकडून आलेली स्कूटर दिसली नाही, पडला, तेव्हा कळलं की काचबिंदू आहे. या रिसर्चचा पैसा चाळिशीनंतरच्या तपासणीवर लावा ना, पेशंटच्या भाऊबहिणींना बोलावून प्रेशर आणि डोळ्यामागची नस बघा.

लॅबवाली_ताई: तुलनेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे काका, पण म्हणून मोजूच नये हे मला पटत नाही. १९९४ मध्ये शुगरवाल्यांच्या डोळ्यातल्या पाण्यात व्हीईजीएफ, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर, वाढलेला सापडला, आज त्यालाच अडवणारी इंजेक्शनं डोळ्यात देतात. माझ्या मामांच्या बुबुळावर शुगरमुळे अशाच नव्या लाल रक्तवाहिन्या आल्या होत्या, बॅटरीच्या उजेडात आम्हाला घरी दिसायच्या. इंजेक्शननंतर काही दिवसांत त्या विरल्या. प्रेशरसाठी पुढे ऑपरेशन लागलंच, पण डोळा वाचला. त्या वेळी कोणीतरी पाणी दिलं होतं म्हणून हे झालं.

मानेवाडा_रोड: तुम्ही दोघं भांडून राहिले पण डोळा बाबांचा आहे ना? ते शुद्धीत आहेत, समजतं त्यांना, मग सही मुलाची कशी? मराठीत कागद मागा, कोणी तो वाचून दाखवा, आणि नाही म्हटलं तरी ऑपरेशन तसंच होईल हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

धरमपेठचा_मुलगा: हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. उद्या बाबांना सोबत घेऊन जातो. माझं मन अजून नाहीच म्हणतंय.

रेशीमबाग_७१: जा बाबा. आणि तू चाळिशीचा असशील तर तिथेच आपलंही प्रेशर बघून घे.