मॅशअप : दुसऱ्याच्या माहितीवर उभे राहण्याचा हक्क असावा का?

मूळ धागा

निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकत्र जोडून नवी सेवा उभारणे म्हणजे मॅशअप. पॉल राडेमाकर या प्रोग्रॅमरने २००५ मध्ये हाउसिंगमॅप्स हे संकेतस्थळ तयार केले, तेव्हा गूगल मॅप्सचे अधिकृत एपीआय (बाहेरच्या प्रोग्रॅमना माहिती मागवता यावी यासाठीची सोय) उपलब्धच नव्हते. नकाशाच्या पानामागचा कोड स्वतः उलगडून त्यांनी क्रेग्जलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या अमेरिकी संकेतस्थळावरील घरांच्या जाहिराती नकाशावर मांडल्या. पत्त्यांची यादी वाचत बसण्याऐवजी कोणते घर कोठे आहे, हे घर शोधणाऱ्याला एका नजरेत दिसू लागले. गूगलने त्यांना अडवले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एपीआय खुले केले. २०१२ मध्ये मात्र क्रेग्जलिस्टने अशाच प्रकारच्या पॅडमॅपरला आणि त्याला माहिती पुरवणाऱ्या थ्रीटॅप्सला न्यायालयात खेचले. भाडे, पत्ता, खोल्यांची संख्या ही निव्वळ तथ्ये आहेत आणि त्यांवर कोणाचीही मक्तेदारी असू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १

पूर्णपणे असहमत. जाहिरात म्हणजे केवळ तथ्ये नव्हेत. ती कोणीतरी विश्वासाने एका ठिकाणी दिलेली असते, आणि खोट्या जाहिराती हटवण्याचा व सर्व्हर चालवण्याचा भार त्या ठिकाणाने उचललेला असतो. त्यावर दुसऱ्याने दुकान थाटणे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. माझी खोली भाड्याने गेल्यावर मी जाहिरात काढली, तरी एका संकेतस्थळाने परस्पर उचललेली प्रत तशीच राहिली आणि पुढचे दोन महिने अनोळखी लोकांचे फोन येत राहिले. त्या मनस्तापाची जबाबदारी कोणाची?

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

आपला त्रास खरा आहे, परंतु त्यातून दार बंद करण्याचे नव्हे, तर अधिकृत एपीआय देण्याचे समर्थन होते. चोरून पाने खरवडणाऱ्याला, म्हणजे प्रोग्रॅमने पानांवरची माहिती परस्पर उचलणाऱ्याला, जाहिरात काढल्याचे कळत नाही. एपीआय असेल तर ते कळवता येते. शिवाय २०१२ मध्येच क्रेग्जलिस्टने स्वतः नकाशाची सोय दिली, म्हणजे गरज खरी होती आणि ती आधी बाहेरच्यांनी ओळखली होती.

प्रतिसाद ३

आपण दोघेही परवानगीवर वाद घालत आहात. मला तिच्या टिकाऊपणाची अधिक चिंता वाटते. याहू पाइप्स या सेवेत प्रोग्रॅमिंग न येणारी माणसेही निरनिराळे फीड (संकेतस्थळांवरील नव्या मजकुराच्या आपोआप येणाऱ्या याद्या) जोडून, गाळून हवा तसा एकच प्रवाह तयार करीत असत. २०१५ मध्ये ते बंद झाले आणि त्यावर उभी असलेली कामे एकाच वेळी कोलमडली. २०१८ मध्ये गूगल मॅप्सच्या एपीआयचे दर बदलले, २०२३ मध्ये ट्विटरने मोफत एपीआय जवळपास बंद केले. त्यामुळे निदान नकाशासाठी तरी ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला खुला नकाशाच घ्यावा, कारण श्रेय देणे, सुधारित विदा (माहिती) त्याच अटींवर खुला ठेवणे अशा त्याच्या परवान्याच्या अटी आधीच ठाऊक असतात.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ चा लेखक)

नकाशापुरते मान्य, पण भाड्याच्या जाहिराती ओपनस्ट्रीटमॅपवर मिळत नाहीत. मूळ जाहिरात निघताच प्रतही काढण्याचे बंधन असेल, तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा खर्चाविषयी आहे : बाहेरच्या हजारो विनंत्यांचा भार सोसणाऱ्या मूळ संकेतस्थळाला त्याचा मोबदला मिळणार की नाही, याचे उत्तर धागाकर्त्यांनी अजून दिलेले नाही.