तीनचाकीच्या मोटर कंट्रोलरमधील कपॅसिटर अवाजवी तापतात

प्रश्न:
नमस्कार. मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकीसाठी आम्ही ७२ व्होल्टचा मोटर कंट्रोलर तयार करत आहोत. पूर्ण भरलेली बॅटरी ८४ व्होल्ट देते, फेज करंट (मोटरच्या प्रत्येक तारेतला) १५० अँपिअर आरएमएसपर्यंत (प्रभावी मूल्य) जातो आणि स्विचिंग १६ किलोहर्ट्झवर आहे. डीसी बसवर (बॅटरीकडून येणाऱ्या पुरवठ्याच्या वाटेवर) ४७० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचे १६ इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन रांगांत बसवले असून डेटाशीटनुसार प्रत्येकाची रिपल करंटची (सतत चढ-उतार होणाऱ्या करंटची) मर्यादा २.५ अँपिअर आहे. बसवरील व्होल्टेज रिपल अगदी कमी आहे. तरीही डायनोवर (मोटरला भार देणाऱ्या चाचणीयंत्रावर) निम्म्या वेगाने पूर्ण टॉर्क घेतला की मॉसफेटांलगतची (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरांलगतची) रांग हात लावू नये इतकी तापते आणि बॅटरीकडची मात्र कोमट राहते. मायक्रोफॅरड वाढवावेत का?

उत्तर १:
मायक्रोफॅरड पुरेसे आहेत. कमी पडते आहे ती रिपल करंट पेलण्याची क्षमता. तीन फेजच्या इन्व्हर्टरमध्ये (डीसीचा एसी करणाऱ्या सर्किटमध्ये) कपॅसिटरमधला करंट मॉड्युलेशन इंडेक्स (बसच्या व्होल्टेजपैकी मोटरला दिलेला वाटा, जो वेगाबरोबर वाढतो) ०.६च्या आसपास सर्वाधिक असतो आणि पॉवर फॅक्टर एकाच्या जवळ असल्यास तो फेज करंटच्या सुमारे ०.६५ पट होतो, म्हणूनच आपल्याला निम्मा वेग जड जातो आहे. १५० अँपिअरला हा करंट ९७ अँपिअरच्या घरात जातो. सोळा जणांत समान वाटला तरी प्रत्येकी सहा अँपिअर येतात, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती मर्यादेच्या जवळजवळ सहापट होते. याच कपॅसिटरचे किमान चाळीस नग लागतील, अन्यथा कमी ईएसआरचे (कपॅसिटरच्या आतल्या रोधाचे) निवडावे लागतील.

उत्तर २:
वरील हिशेब योग्य आहे, परंतु केवळ नग वाढवून दोन रांगांतला फरक जाणार नाही. स्विचिंगचा करंट कमीत कमी इंपीडन्सची वाट धरतो, त्यामुळे जवळची रांगच बहुतेक भार उचलते. प्रत्येक हाफ-ब्रिजला (एका फेजच्या मॉसफेट-जोडीला) त्याचा स्वतंत्र गट अगदी लगत द्यावा, प्लस आणि मायनसचे तांबे पीसीबीच्या एकमेकांवरच्या थरांत ठेवावे आणि मॉसफेटांच्या पायाशीच सिरॅमिक कपॅसिटर लावावेत.

याच मांडणीवर मॉसफेटांचेही आयुष्य अवलंबून आहे. १५० अँपिअर आरएमएस म्हणजे २१२ अँपिअर पीक. तो १०० नॅनोसेकंदांत बंद केला आणि लूपमध्ये (कपॅसिटर ते मॉसफेट या करंटच्या वाटेत) अवघा १० नॅनोहेन्री इंडक्टन्स राहिला, तरी २१ व्होल्टचा स्पाइक येतो. ८४मध्ये तो मिळवला की १०० व्होल्टचा मॉसफेट मर्यादेबाहेर जातो. टर्न-ऑफचा गेट रेझिस्टर वाढवून स्पाइक दबतो खरा, पण स्विचिंग लॉस वाढतो. म्हणून माझ्या मते आधी लूप लहान करावा आणि मॉसफेट १५० व्होल्टचे घ्यावेत.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बोर्डावर चाळीस नगांना जागा नाही. फिल्म कपॅसिटर चालतील का?

उत्तर १:
चालतील, कारण त्यांचा ईएसआर फारच कमी असतो. मात्र तेवढ्याच मायक्रोफॅरडना ते कितीतरी अधिक जागा घेतात. त्यामुळे मॉसफेटांलगत थोडे फिल्म आणि मागे कमी ईएसआरचे इलेक्ट्रोलिटिक, अशी जोडी आपल्याला परवडेल. नव्या बोर्डावर सर्वांत आतल्या कपॅसिटरच्या बुडाशी थर्मोकपल चिकटवून निम्म्या वेगाचीच चाचणी घ्या, कारण इलेक्ट्रोलिटिकचे तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते.