नवा सेटटॉप बॉक्स आणला आणि चॅनेलच दिसेनात : तुमचे अनुभव लिहा

नवीन बॉक्स घरी आला की घरात दोन तट पडतात. एक तट खोका फोडून प्लास्टिकचे फुगे फोडण्यात रमतो, दुसरा हातात फोन घेऊन ‘झालं का अ‍ॅक्टिव्हेट?’ करत फेऱ्या मारतो. मी दुसऱ्या तटातला. आमचा बॉक्स चालू व्हायला सत्तावीस तास लागले आणि त्यातले निदान पंचवीस माझ्या शहाणपणापायी गेले.

फिटिंगवाला छत्री बसवून, नोंदणी करून, ‘अर्ध्या तासात दिसेल’ म्हणून गेला. पडद्यावर एकच चॅनेल, कंपनीचं स्वतःचं, जाहिरातींचं. बाकी सगळीकडे ‘हे चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही’. अर्धा तास झाला, काही नाही. म्हणून मी बॉक्स बंद करून चालू केला. दहा मिनिटांनी परत. रात्री हात लावून पाहिलं तर बॉक्स गरम, म्हणून प्लगच काढून ठेवला. सकाळी फोन केला, त्यांनी पुन्हा आज्ञा पाठवली, मी थोडी वाट पाहून पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवरची मुलगी म्हणाली, “काका, बॉक्स आत्ता चालू आहे ना?” तो बंद होता. मी शेजारी उभा राहून, अगदी मन लावून, बंद बॉक्स अ‍ॅक्टिव्हेट व्हायची वाट बघत होतो.

मला वाटायचं की फोनवर नंबर सांगितला म्हणजे पलीकडचा माणूस बटण दाबतो आणि आपल्याकडे दिवा लागतो. तसं नसतं. छत्रीवाल्या साध्या बॉक्सला आज्ञा येते ती आकाशातून. ती जमिनीवरच्या केंद्रातून उपग्रहाकडे जाते, विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर, आणि चॅनेलांच्याच लहरींत मिसळून आपल्या छत्रीत उतरते. त्यात हजारो बॉक्सांच्या आज्ञा असतात. प्रत्येक बॉक्स आपला नंबर तेवढा हुडकतो. आणि हा सगळा मामला एकतर्फी. ‘मला मिळालं नाही, परत पाठवा’ असं बॉक्सला वर कळवता येत नाही. म्हणून तीच आज्ञा काही काळ पुन्हा पुन्हा पाठवतात आणि मग थांबतात. हजेरीत नाव पुकारलं तेव्हा पोरगं वर्गात नव्हतं, एवढंच आमच्याकडे झालं. त्या मुलीने पुन्हा पाठवायला लावलं, मी बॉक्सला हात न लावता बसलो आणि अकरा मिनिटांत चॅनेल आले.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. पुस्तिकेतलं नको, ते खोक्यात छापून मिळतं.

अजून अंधारात

बरा वेळेवर धागा काढलात. माझा बॉक्स सकाळपासून लटकलाय. पडद्यावर फक्त ‘नो सिग्नल’. कस्टमर केअर म्हणतं, आमच्याकडून झालंय. म्हणजे आता छत्रीवर चढायचं का?

रिमोटशोधक

@अजून अंधारात, चढण्याआधी बघा, ‘नो सिग्नल’ कोण म्हणतंय? टीव्ही की बॉक्स?

आमच्याकडे याच दोन शब्दांनी एक अख्खा रविवार खाल्ला. निळ्या पडद्यावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तरंगत फिरणारं ‘नो सिग्नल’ हे टीव्हीचं असतं. त्याचा अर्थ, ‘माझ्या या भोकात काहीच येत नाहीये’. वायर एचडीएमआय दोनमध्ये आणि टीव्ही लावलेला एचडीएमआय एकवर. बॉक्सचं ‘नो सिग्नल’ वेगळं, त्याच्या आजूबाजूला मेनू, कंपनीचा रंग, काहीतरी दिसतं. मी छत्री हलवली, केबल बदलली, कंपनीला शिव्या घातल्या. शेवटी सातवीतल्या भाचीने रिमोटवरचं ‘सोर्स’ दाबलं. चॅनेल कधीचे येऊन बसले होते.

आणखी वाईट म्हणजे माझ्या छत्री हलवण्याने ते दुसऱ्या मिनिटाला गेले. ते परत आणायला तीन दिवस.

एकेकाळची कॉल सेंटरवाली

चार वर्षं मी अशाच एका कंपनीचे फोन घेतले आहेत, तेव्हा पलीकडच्या बाजूचंही ऐका.

रोजची निम्मी डोकेदुखी नंबरची. बॉक्सवर निदान दोन नंबर असतात, एक बॉक्सचा आणि एक कार्डाचा. आम्हाला हवा असतो एक, लोक वाचतात दुसरा. स्टिकर बॉक्सच्या बुडाला. तो वाचायला बॉक्स उलटा केला की मागची केबल सैल होते आणि आता दोन तक्रारी होतात. मी नेहमी सांगायचे, मेनूत जा, पडद्यावर दिसतो तो नंबर वाचा, तो खोटं बोलत नाही. स्टिकरवर शून्य आणि ओ, आठ आणि बी एकसारखेच दिसतात.

आणि आपली मराठी! आकडा एकेक करून सांगा म्हटलं तरी लोक जोडीने सांगणार. ‘एकोणऐंशी’. मी लिहिणार 79. ते म्हणणार, नाही हो, आठ आणि नऊ. म्हणजे त्यांना एकोणनव्वद म्हणायचं असायचं. उलट माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा ‘एकोणसाठ’ला 69 लिहायचा, शाळा इंग्रजी माध्यमाची. एका आकड्याने आज्ञा भलत्याच बॉक्सला जाते किंवा ‘असा नंबरच नाही’ म्हणून परत येते. ग्राहक म्हणतो कंपनी चोर, आम्ही म्हणतो ग्राहकाला वाचता येत नाही.

एक केस विसरत नाही. आजोबांचा आवाज, अतिशय सभ्य. नंबर नीट वाचला, मीही नीट लिहिला, आज्ञा गेली, यंत्रणेत ‘चालू’ दिसतंय, आणि त्यांच्याकडे काही नाही. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी विचारलं, “आजोबा, नंबर कुठून वाचताय?” म्हणाले, “खोक्यावरून. बॉक्स उचलायला नको म्हणून.” फिटिंगवाल्याने त्या दिवशी एकाच जिन्यावर दोन घरं केली होती आणि खोकी अदलाबदल झाली होती. आजोबांच्या पैशांचा पॅक समोरच्या घरात चालू होता. समोरचे गप्प का होते, ते मी विचारलं नाही.

पाना-पक्कड

मी फिटिंग करतो, त्यामुळे वरच्या खोक्यांच्या अदलाबदलीबद्दल आमच्या जातीतर्फे मान खाली.

पण एक सांगतो. ज्याला लोक अ‍ॅक्टिव्हेशनचा घोळ म्हणतात तो बऱ्याचदा सिग्नलचा घोळ असतो. मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. ग्राहक पहिली बघून सांगतो, ‘पंच्याऐंशी टक्के आहे, सिग्नल मस्त आहे’. अरे बाबा, छत्री भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी ती पट्टी भरलेली दिसू शकते, कारण छत्रीसमोरचा एलएनबी, म्हणजे लहरी पकडून केबलमध्ये सोडणारा तो छोटा डबा, स्वतःची खरखरही खाली पाठवतच असतो. बघायची ती क्वालिटी. ती शून्य असेल तर बॉक्सला काहीही कळत नाहीये. मग आज्ञा कुठून कळणार? कधी कधी क्वालिटीही छान असते, पण उपग्रह शेजारचा. आकाशात दोन-तीन अंशांवर दुसरा उपग्रह असतो. इथे छत्री एक अंश ढळली की तिची नजर तिकडे वर सव्वासहाशे किलोमीटर सरकते. खालून बोटभर वाटतं.

दुसरं, अर्धे चॅनेल दिसतात आणि अर्धे नाहीत. लगेच फोन, ‘पॅक अर्धवट टाकला’. बॉक्स त्याच केबलमधून वर एलएनबीला वीज देतो. 13 व्होल्ट दिले की उभ्या लहरी, 18 दिले की आडव्या. केबल जुनी, मध्येच जोडलेली, लांबलचक असेल तर 18 निघतात आणि वर पोहोचेपर्यंत कमी पडतात. आडवे चॅनेल गायब. कंपनीने कितीही आज्ञा पाठवल्या तरी ते येणार नाहीत.

आता मी शोधलेला सगळ्यात लहान दोषी. नवी छत्री, नवा बॉक्स, नवी केबल, क्वालिटी शून्य. दोन तास घालवले. शेवटी पिन उघडली. केबलच्या मधल्या तांब्याच्या तारेभोवती जाळी असते ना, तिचा केसाइतका एक तंतू वाकून मधल्या तारेला टेकला होता. घरमालकाला बोटाच्या टोकावर ठेवून दाखवला. त्याला चष्मा आणावा लागला.

तळमजला

@पाना-पक्कड, ते 13 आणि 18 आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी नवा बॉक्स बेडरूममध्ये लावला आणि हॉलच्या केबलला साधा फाटा मारून दिला. बेडरूममध्ये कोणी चॅनेल बदललं की हॉलमधलं जायचं. एक बॉक्स 13 मागतोय, दुसरा 18, बिचारा एलएनबी ऐकणार कोणाचं? आम्ही मात्र महिनाभर समजत होतो की नवा बॉक्स ‘नीट अ‍ॅक्टिव्हेट’ झालेला नाही. दोन तोंडांचा एलएनबी बसवून दोन केबली ओढल्या, भांडण मिटलं. बॉक्सांचं. कोणी काय बघायचं ते सुरूच आहे.

दुसऱ्या हाताचा

माझं थोडक्यात. मावसभावाने परदेशी जाताना त्याचा जवळजवळ कोरा बॉक्स दिला. मला तो नवाच. पण कंपनीच्या दप्तरात तो अजून त्याच्या नावावर, त्याच्याच मोबाइल नंबरवर. ओटीपी जायचा त्याच्याकडे आणि तिथे तेव्हा मध्यरात्र. तो उठून आकडे कळवेपर्यंत मुदत संपायची. पाच रात्री हा खेळ चालला. बॉक्स घेण्याआधी नाव बदलून घ्या, भाऊ कितीही लाडका असो.

निवांत

माझा अनुभव लाजिरवाणा आहे. जुना बॉक्स बिघडला, त्याच कंपनीचा नवा आणला, आणि शहाणपणा करून जुन्याचं कार्ड नव्यात घातलं. पॅक तर कार्डावरच असतो ना, मग नोंदणी कशाला? पडद्यावर आलं की कार्ड या बॉक्सशी जुळत नाही. कार्ड आणि बॉक्स यांची जोडी लावलेली असते, वाटेल त्या फोनमध्ये सिम घालावं तसं इथे चालत नाही. मग नवं कार्ड घातलं, तेही चिपचं तोंड चुकीच्या बाजूला करून. ‘कार्ड घाला’, ‘कार्ड घाला’. घातलंय की!

मला राग याचा येतो की बॉक्स इतकं सगळं जाणतो, मग ‘कार्ड उलटं आहे’ एवढे तीन शब्द लिहायला काय जातं? सगळ्या चुकांना मिळून पाच-सहा संदेश, तेही अर्धे आकड्यांत.

आणि मूळ लेखकांना एक विचारायचंय. स्टँडबायवर ठेवला तर चालतं का? माझा तर स्टँडबायमध्येच रात्रीत चालू झाला.

धागाकर्ता

@निवांत, काही बॉक्स स्टँडबायमध्येही कान उघडे ठेवतात, काही नाही ठेवत. माझा दुसऱ्या जातीचा निघाला. म्हणून मी आता सरळ चालू ठेवतो, त्या जाहिरातीच्या चॅनेलवर, आणि टीव्ही तेवढा बंद करतो. त्या जाहिराती मला पाठ झाल्या आहेत.

एकेकाळची कॉल सेंटरवाली

बरोबर. आणि कृपा करून दर दहा मिनिटांनी फोन करू नका. प्रत्येक वेळी नवा माणूस उचलतो, तुमची कहाणी पहिल्यापासून ऐकतो, आणि पुन्हा तीच आज्ञा पाठवतो.

निवांत

दर दहा मिनिटांनी केला नाही तर तुम्ही लोक विसरता, हाही अनुभवच आहे.

अजून अंधारात

झालं! ‘नो सिग्नल’ टीव्हीचंच होतं, तरंगणारं. सोर्स बदलला, बॉक्स दिसला, क्वालिटी बहात्तर. कस्टमर केअरला नंबर एकेक आकडा करून पडद्यावरून वाचून दाखवला, तर नोंदीत एक आकडा खरंच चुकलेला निघाला. वीस मिनिटं हात मागे बांधून बसलो. सगळे चॅनेल आले.

फक्त बातम्यांचं चित्र दिसतंय आणि बाई मला न कळणाऱ्या भाषेत बोलते आहे. हे आता काय?

रिमोटशोधक

रिमोटवर ‘ऑडिओ’ किंवा ‘लँग्वेज’ असं बारीक बटण असेल, खाली उजवीकडे. नसेल तर भाचीचा नंबर देतो.