झोप उडाली तेव्हा ते प्रथम कोणाच्या लक्षात आले?

आयुर्वेदाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. त्यांपैकी आहाराविषयी आपण चारचौघांत मोकळेपणाने बोलतो, पण झोपेचा हिशेब प्रत्येक जण आपापल्या उशीवर एकट्यानेच मांडत असतो. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यानंतर रोज पहाटे तीनला मला जाग येऊ लागली. एकदा जाग आली की उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. घरातल्यांना त्रास नको म्हणून मी हे कोणालाही सांगितले नव्हते. कोल्हापुरातील ज्या बँकेत मी काम करते, तेथे माझ्या शेजारच्या टेबलावर गेली पंधरा वर्षे बसणाऱ्या मैत्रिणीच्या मात्र ते लक्षात आले, कारण नोटांचे एकच बंडल मी तीन-तीन वेळा मोजू लागले होते. तिने एकही उपदेश केला नाही. "उद्यापासून सकाळी साडेसहाला मी रंकाळ्यावर उभी असेन, तू आली नाहीस तरी उभी असेन," एवढेच ती म्हणाली.

ती खरोखरच उभी राहत असल्यामुळे मला उठावेच लागले. पुढे डॉक्टरांनी सांगितलेले नियम (रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ न बदलणे, वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर बिछाना सोडून मंद उजेडात शांत बसणे, घड्याळ नजरेआड ठेवणे) मला पाळता आले, ते ही पहिली पायरी तिने आधीच बांधून ठेवली होती म्हणून. तळमळत पडून राहिल्याने मेंदू बिछान्याची सांगड जागेपणाशी घालतो आणि ती सांगड सोडवायला काही आठवडे लागतात, हे तेव्हा मला प्रथमच कळले. मला जवळपास दोन महिने लागले.

म्हणून आपणा सर्वांना माझा एकच प्रश्न आहे. तुमची झोप बिघडली, तेव्हा ते प्रथम कोणाच्या लक्षात आले आणि त्या व्यक्तीने काय केले? शक्यतो सविस्तर लिहावे.

खेड तालुक्यातून, एक वारकरी

माझे घोरणे आमच्या घरात कौतुकाचा विषय होता, कारण जो घोरतो त्याला गाढ झोप लागते अशीच सर्वांची समजूत होती. दिवसा मात्र मला सारखी पेंग येत असे आणि रक्तदाब दोन गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नव्हता. या दोन गोष्टींचा घोरण्याशी काही संबंध असेल, असे कधी मनातही आले नाही. तीन वर्षांपूर्वी आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीबरोबर चालताना दिंडीतील एका माउलींची पथारी रोज माझ्या शेजारी पडत असे. चौथ्या-पाचव्या मुक्कामाला सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "माउली, रागावू नका, पण तुम्ही झोपेत श्वास घ्यायचे थांबता. मी रात्री जागून मोजत होतो." घोरणे एकदम बंद पडते, मी तेरा-चौदा अंक मोजेपर्यंत तंबूत शांतता असते आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसे तुम्ही धापेने श्वास घेता, असे त्यांनी वर्णन केले.

माझी पत्नी माझ्या घोरण्यामुळे कित्येक वर्षे दुसऱ्या खोलीत झोपत असे, त्यामुळे हे पाहण्यास घरात कोणीच नव्हते. वारीहून परतल्यावर झोपेची तपासणी केली. तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडत असल्याचे तीत दिसले, आणि हा आकडा ३० किंवा त्याहून अधिक असला तर आजार तीव्र समजतात. झोपताना घशाचे स्नायू सैल पडून हवेचा मार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. ही जाग इतकी क्षणभराची असते की सकाळी तिची आठवणही राहत नाही. आता मी रात्री नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाचे यंत्र वापरतो. पहिले पंधरा दिवस ते असह्य वाटले, हे मुद्दाम लिहितो, म्हणजे कोणी मध्येच सोडून देणार नाही. पुढच्या वर्षी वारीला निघताना यंत्र आणि बॅटरीची पेटी दिंडीच्या ट्रकमध्ये ठेवली होती, आणि मुक्कामी पोहोचताच ती बॅटरी चार्जिंगला लावण्याचे काम त्याच माउलींनी न सांगता अंगावर घेतले.

जुन्नर तालुक्यातून, एक शेतकरी

आमच्याकडे शेतीची वीज काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की कांद्याच्या वाफ्यांना पाणी देण्यासाठी रात्रभर दारे धरावी लागतात. मोटार आपोआप सुरू होईल अशी सोय करता येते, पण वाफा भरल्यावर पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला माणूसच लागतो. आसपास उसाचे फड असल्याने बिबट्याचे भय कायम मनात असते. सकाळी दूध काढणे आणि डेअरीला घालणे चुकत नाही, त्यामुळे रात्रीची झोप दिवसा भरून निघत नाही. एका रात्री मी पाटाच्या कडेला बसलो होतो आणि हातातली बॅटरी सुरू असतानाच मला झोप लागली. माझ्या बांधाला बांध लावून ज्यांचे शेत आहे त्यांनी लांबून पाहिले, की उजेड बराच वेळ एकाच जागी आहे, आणि ते काठी घेऊन धावत आले. त्यांनी मला हलवले तेव्हा पाणी वाफे फोडून त्यांच्या शेतात शिरले होते. त्या नुकसानीविषयी त्यांनी शब्दही काढला नाही.

पेरणी-काढणीच्या कामात आम्ही पूर्वीपासून सावड करतो, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबतो. ती झोपेचीही करावी, असे त्यांनी सुचवले. आता रात्रीच्या पाळीला आम्ही दोघे मिळून दोन्ही शेतांचे पाणी पाहतो. एक जण दारे धरतो, दुसरा विहिरीवरच्या खोलीत कडी लावून झोपतो आणि मध्यरात्रीनंतर आम्ही पाळी बदलतो. सलग चार तासांची झोप ही तुकड्या-तुकड्यांच्या सहा तासांपेक्षा अंगाला अधिक लागते, असा माझा अनुभव आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी ही आमची मागणी जुनी आहे आणि ती पूर्ण होईपर्यंत तरी ही सावड मोडणार नाही.

धागा सुरू करणारीचे टिपण

या अनुभवाने मी फार अस्वस्थ झाले. दिवसा झोपून रात्रीची झोप का भरून निघत नाही, याचे एक कारण शरीरातील घड्याळातही आहे. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते हे शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. ते घड्याळ प्रामुख्याने उजेडावर लावले जाते, त्यामुळे उन्हात अंथरूण घातलेल्या माणसाला त्याचे शरीरच जागे ठेवू पाहते. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा अंधारी, शांत खोली मिळवून देणे हे घरातील इतरांचेही काम आहे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. 'झोप येत नसेल तर थोडी घेत जा' असे सांगणारे मित्रही अनेकांना भेटतात. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे असले, तरी रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते. झोपेच्या गोळ्याही मित्राच्या सांगण्यावरून सुरू करू नयेत, आणि नियमित घेत असल्यास डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत.

बदलापूरहून, रोज लोकलने जाणारी

माझा अनुभव लहानसा आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर रात्री अंगातून वाफा निघून घामाने जाग येऊ लागली. ते रजोनिवृत्तीचे लक्षण असू शकते हे मला डब्यातल्या आमच्या ग्रुपमधील ताईंनी सांगितले, कारण उभ्या-उभ्या मी त्यांच्या खांद्यावर डोके टेकून झोपले होते. त्या दिवसापासून खिडकीची जागा सर्वांनी मला दिली आणि दादर जवळ आले की कोणीतरी हळूच हात लावून उठवत असे. डॉक्टरांकडे मी नंतर गेले, उपचारही झाले. पण तोपर्यंतचे तीन महिने मी त्या खिडकीपाशी झोपून काढले.

पुण्याहून, स्पर्धा परीक्षेचा माजी विद्यार्थी

सदाशिव पेठेतील अभ्यासिका रात्रभर उघड्या असतात आणि रात्री जागणे हेच तेथे निष्ठेचे लक्षण मानले जाते. तिसऱ्या प्रयत्नात मुख्य परीक्षेच्या यादीत माझे नाव आले नाही, त्यानंतर मी पहाटे चारला झोपून दुपारी उठू लागलो. घरी फोनवर 'अभ्यास चालू आहे' असे सांगत होतो. प्रत्यक्षात मी तेच पान उघडून बसत असे आणि वाचलेले काहीही लक्षात राहत नसे. दिवसभर शिकलेले पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत होते, हे पुस्तकात वाचलेले असूनही स्वतःला लागू करण्याची बुद्धी झाली नाही.

माझ्या खोलीतील मित्राच्या जे लक्षात आले ते झोपेमुळे नव्हे, तर मेसच्या डब्यामुळे. सलग आठ-नऊ दिवस माझा दुपारचा डबा न उघडता परत जात होता. तो रात्री माझ्यासमोर बसला आणि त्याने सरळ विचारले, "तुला जगावेसे वाटते ना?" इतक्या स्पष्टपणे कोणी विचारेल असे मला वाटले नव्हते, आणि म्हणूनच मला खोटे बोलता आले नाही. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याने स्वतः लावला. ही सेवा चोवीस तास आणि विनामूल्य आहे. पलीकडील व्यक्ती मराठीत बोलत होती आणि तिला कसलीही घाई नव्हती. पहिली दहा मिनिटे मी काहीच बोललो नाही. मित्रच बोलत होता. दुसऱ्या दिवशी तो मला शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेला, तेव्हा त्याची स्वतःची परीक्षा अकरा दिवसांवर आली होती.

पुढे त्याची निवड झाली आणि मी तो मार्ग सोडला. आमच्या मैत्रीत यामुळे अंतर पडेल अशी भीती मला वाटत होती, पण आजही रात्री दहाला त्याचा 'दिवा बंद' एवढाच संदेश येतो आणि मीही तेवढेच लिहून फोन बाजूला ठेवतो.

लातूरहून, एक शिक्षिका

येथील सर्व अनुभवांत मित्रांनी झोप परत मिळवून दिली आहे. माझी झोप मैत्रीनेच गेली होती, आणि तेही येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. माझ्या जिवलग मैत्रिणीच्या संसारात मोठे वादळ उठले होते. रोज रात्री अकराच्या पुढे, घरातले सर्व झोपल्यावर, ती मला फोन करत असे आणि बोलणे दोन-अडीचपर्यंत चाले. तिला दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे नाही म्हणणे मला पाप वाटे. दोन महिन्यांनी वर्गात एका मुलीवर मी विनाकारण ओरडले. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमचे डोळे दुखतात का?" माझी झोप उडाल्याचे प्रथम लक्षात आले ते चौथीतल्या त्या मुलीच्या.

मी मैत्रिणीला सांगितले, की रात्री नऊपर्यंत मी तुझी आहे, दर रविवारी सकाळी तुझ्याकडे येईन, समुपदेशकाकडेही तुझ्याबरोबर येईन, पण नऊनंतर मी झोपणार आहे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र वेळ न पाहता फोन कर. तिला ते फार लागले आणि तीन आठवडे तिने अबोला धरला. त्या तीन आठवड्यांत मला झोप येत होती आणि अपराधीही वाटत होते. चौथ्या रविवारी मी न विचारताच तिच्या दारात गेले. तिने चहा टाकला आणि समुपदेशनाची वेळ घेतल्याचे सांगितले. दिवसाउजेडी, समोरासमोर बसून, आम्ही त्या एका सकाळी जितके बोललो तितके आधीच्या दोन महिन्यांत बोललो नव्हतो.

स्टॉकहोमहून, मूळ मिरजेची

डिसेंबरात येथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजण्याआधीच मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी दहा-दहा तास झोपूनही थकलेली असे. शाळेतील मैत्रिणीने माझ्या आवाजावरून ते ओळखले. येथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा मिरजेत दुपारचे साडेबारा झालेले असतात. त्या वेळी ती जेवणाच्या सुट्टीत फोन करते आणि मी तिच्याशी बोलत प्रखर प्रकाशाच्या दिव्यासमोर अर्धा तास बसते. तो दिवा डॉक्टरांनी सुचवला होता, परंतु त्याच्यासमोर रोज बसणे मात्र तिच्यामुळेच होते.

वाईहून, एक ज्येष्ठ नागरिक

माझे वय ७६ आहे. मी एसटीमध्ये चालक होतो आणि माझे एक मित्र त्याच आगारात वाहक होते. पत्नीच्या निधनानंतर मला पहाटे चारलाच जाग येऊ लागली, तेव्हा काही मोठा आजार असावा अशी धास्ती मी घेतली होती. वयाबरोबर शरीराचे घड्याळ पुढे सरकते, लवकर झोप येते आणि लवकर जाग येते, दिवसा उत्साह टिकत असेल तर त्यात भिण्यासारखे काही नाही, असे डॉक्टरांनी समजावले. तरीही तो अंधारातला वेळ खायला उठतो. मित्रांचीही तीच अवस्था असल्याचे बोलता बोलता कळले, आणि मग आम्ही दोघे पाच वाजता घाटावर भेटू लागलो. कृष्णेचे पाणी दिसू लागेपर्यंत बसायचे आणि उजाडले की दूध घेऊन घरी परतायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने त्यांना नागपूरला नेले. तेव्हापासून रोज पहाटे पाचला त्यांचा मिस्ड कॉल येतो. एक घंटी वाजते आणि बंद होते. मी जागा आहे, ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग मी तसाच एक परत देतो. परवा पाच वाजून गेले, सव्वापाच झाले, साडेपाच झाले तरी घंटी वाजली नाही. माझे हातपाय गार पडले. शेवटी न राहवून मीच पूर्ण फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी तो उचलला आणि जड आवाजात म्हणाले, "अरे, आज डोळा लागला होता."