अठरा सेकंदांचा सराव

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी एआय-रुग्णाशी, म्हणजे रुग्णाची भूमिका करणाऱ्या संगणक-प्रोग्रामशी, बोलून सराव केला तर ते फक्त पाठ केलेली सहानुभूती शिकतील, असा एक आक्षेप घेतला जातो. तो मला अर्धाच पटतो. नकली रुग्ण ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले डॉक्टर आणि वैद्यकीय शिक्षक हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्येच रुग्णाची भूमिका शिकवलेली व्यक्ती विद्यार्थ्यांसमोर बसवली होती. पण तशी व्यक्ती हवी तेव्हा मिळत नाही आणि एकच केस दहा वेळा करूनही पाहता येत नाही.

बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांच्या १९८४ च्या अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचं बोलणं तोडताना दिसले. नकली रुग्णाबरोबरच्या सरावाचा खरा उपयोग इथे आहे. ‘छातीत जळजळतं’ एवढं ऐकून विद्यार्थ्याने लगेच जेवणाबद्दल विचारलं, तर ‘जिना चढताना जास्त होतं’ हे हृदयाच्या त्रासाकडे बोट दाखवणारं वाक्य रुग्णाच्या तोंडातच राहतं. नंतर संवाद उलगडून पाहिला की काय निसटलं ते समोर येतं. मला तरी वाटतं, हा धक्का व्याख्यानातून बसत नाही. ‘निदान अजून पक्कं नाही, दोन शक्यता आहेत, त्रास वाढला तर लगेच या’ हे न अडखळता सांगणंही असंच पुन्हापुन्हा बोलूनच जमतं.

माझी काळजी वेगळी आहे. एआय-रुग्णामागची भाषा-मॉडेल (माणसासारखा मजकूर लिहिणारे प्रोग्राम) फार समजूतदार रुग्ण होतात, विचारलं की सगळं नीट सांगतात. खरा रुग्ण न कळताही ‘बरं’ म्हणतो, गप्प बसतो, नजर टाळतो. मजकुरावर चालणाऱ्या सरावात ती नजर दिसतच नाही. म्हणून गुण देण्याचं काम तरी यंत्रावर सोडू नये, तिथे अनुभवी शिक्षकच हवेत.